तुरटी, टीसीएल आणि नीरेचा कालवा

पावसाळ्यात हंडा भरला, की माझी आजी तुरटीचा खडा पाण्यात दोन-तीन वेळा फिरवायची आणि दम भरायची, 'आता तासभर कुणी हात लावायचा नाही.' तासाभरानं गाळ तळाशी बसलेला असायचा. नगरपालिका शहरासाठी हेच करते. माल तेवढा पोत्यांनी लागतो, आणि गाळ बसल्यावर वरून क्लोरीन. या मालाची खरेदी हा अंदाजपत्रकातला अगदी रुक्ष विषय. सभेत त्यावर कुणी भाषण करत नाही.

बारामती आणि इंदापूर या दोन्ही गावांत म्युनिसिपालटी आली १८६५ साली. तेव्हा लोक नदीचं आणि आडाचं पाणी प्यायचे. १८७६-७७ चा दुष्काळ पडला, आणि या अवर्षणी भागासाठी नीरेचा डावा कालवा निघाला. १८८५ च्या सुमारास तो वाहू लागला. कालवा होता शेतासाठी. शेताला आवर्तनानं पाणी चालतं, माणसाला रोज लागतं. म्हणून पुढे बारामती शहरासाठी कालव्याचं पाणी तलावात साठवावं लागलं. साठलेलं पाणी उन्हाळ्यात शेवाळतं. पावसाळ्यात मुळात येतं तेच गढूळ. कालव्यानं पाण्याची ददात मिटवली, पण तुरटी आणि क्लोरीनचं बिल कायमचं मागे लावलं.

पाण्यात क्लोरीन घालण्याची रीत तशी कालव्याहूनही नवी. अमेरिकेतल्या जर्सी सिटीनं, पाणी शुद्ध नाही म्हणून, पुरवठादार कंपनीला कोर्टात खेचलं होतं. तेव्हा कंपनीच्या बाजूचे डॉ. जॉन लील यांनी सप्टेंबर १९०८ मध्ये पाण्यात ब्लीचिंग पावडरचं द्रावण सोडायला सुरुवात केली. पाण्यात रसायन घालायला विरोध झालाच. कोर्टानं मात्र पुढे ही पद्धत मान्य केली.

आपल्या खेडोपाडी याच पावडरीला टीसीएल म्हणतात. उष्ण हवेत टिकावी म्हणून केलेली ही जात. पण टिकणार किती? ताज्या पावडरीत वजनाच्या सुमारे ३३ टक्के क्लोरीन मिळतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, पत्र्याखाली तापलं, की तो उडून जातो आणि चुना उरतो. एक लाख लिटर पाण्याला ताजी पावडर पाव किलो घातली, तर लिटरमागे ०.८ मिलिग्रॅम क्लोरीन पडतो. पावडर निम्मी मेलेली असेल, तर अर्धा किलो हवी. घालणारा बिचारा ठरल्या मापानं पाव किलोच घालतो.

एका पाणीयोजनेच्या गोदामात मी एकदा गेलो होतो. गावाचं नाव नको. चांगल्या टीसीएलचं पोतं उघडलं की नाक झोंबतं, डोळ्यांत पाणी येतं. तिथं मला काहीच झालं नाही. पावडरीचे खडे झाले होते. नोंदवही मात्र चोख: पोत्यांची संख्या, वजन, सर्वांत कमी दर, सह्या. लेखापरीक्षकाला एकही चूक सापडली नसती. वर्षाचा माल एकदम घेतला की स्वस्त पडतो, म्हणून तो घेतलेला. माझं म्हणणं एवढंच, की आपण पैसे मोजतो ते क्लोरीनसाठी, चुन्यासाठी नव्हे. माल दोन-तीन महिन्यांपुरताच घ्यावा, आणि पोतं उतरवतानाच तपासावं.

या वाटेवर तर ते फारच निकडीचं. आषाढीसाठी तुकोबांची पालखी बारामती, काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. एकोणिसाव्या शतकात पंढरीच्या वाटेनं पटकीही माणसांबरोबर चालायची. रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्याच्या एका तळ्यात तिचे जंतू सापडले १८८४ मध्ये, म्हणजे आपला कालवा वाहू लागला त्याच सुमाराला. इंदापूरच्या बाजूला आणखी एक अडचण आहे. उजनी धरण १९८० साली पुरं झालं. त्याच्या फुगवट्यात पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी येतं. अशा पाण्यात घातलेला क्लोरीन आधी घाणीवरच खर्च होतो. अर्ध्या तासानं लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम उरला, तरच उपयोग.

तो उरला का, हे पाहायला फार काही लागत नाही. वारीत टँकरच्या तोटीखाली काचेची नळी धरतात आणि ओटीच्या औषधाचे थेंब टाकतात. पाणी पिवळं झालं, तर टँकर सोडतात. नाही झालं, तर पुन्हा पावडर घालायची, आणि ती त्याच गोदामातून यायची असते.