प्रदर्शन आणि उंची : १८६५ चे नागपूर व १८८९ चे पॅरिस

एकोणिसाव्या शतकातील औद्योगिक प्रदर्शनांच्या अभ्यासात वस्तू, पारितोषिके व व्यापार यांचा विचार प्रामुख्याने झालेला दिसतो. प्रेक्षकाला नेमके कोठे उभे केले गेले, हा प्रश्न मात्र मागे पडतो. त्या दृष्टीने डिसेंबर १८६५ मध्ये नागपूर येथे भरलेले कला, कारागिरी व उत्पादनांचे प्रदर्शन आणि १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनातील आयफेल मनोरा यांची तुलना, आकारमानातील प्रचंड तफावत मान्य करूनही, उद्बोधक ठरते.

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले. १८६१ मध्ये मध्यप्रांताची निर्मिती होऊन नागपूर त्याची राजधानी बनले. महालातील काळ्या दगडाचा, कोरीव लाकूडकामाने नटलेला भोसल्यांचा राजवाडा १८६४ मध्ये आगीत नष्ट झाला; नगारखान्याचा भव्य दरवाजा तेवढा उरला. पुढच्याच वर्षी चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत हे प्रदर्शन भरले. रेल्वे नागपुरास पोहोचली ती १८६७ मध्ये. म्हणजे दूरची बाजारपेठ जवळ येण्यापूर्वीच प्रांताचा माल मांडून झाला होता. येथे प्रेक्षकापुढे प्रांत ठेवला गेला, पण त्याकडे एकवार समग्र पाहणारी दृष्टी प्रशासनाची होती. शहर वरून न्याहाळण्याची जागा म्हणजे सीताबर्डीची टेकडी. ती नोव्हेंबर १८१७ च्या लढाईनंतर इंग्रजी लष्कराच्या ताब्यात गेलेली होती.

पॅरिसमध्ये उंचीचे अर्थकारणच वेगळे होते. मॉरिस केश्लें व एमिल नूगिये या अभियंत्यांच्या मूळ कल्पनेतून आकारास आलेल्या ३०० मीटरच्या मनोऱ्यासाठी सरकारने १५ लाख फ्रँक दिले. उर्वरित भांडवल ग्युस्ताव आयफेल यांनी उभारावे आणि त्या बदल्यात २० वर्षे उत्पन्न घ्यावे, असा करार झाला. साहजिकच सामान्य माणूस वर चढल्याशिवाय खर्च निघणार नव्हता. पहिल्या मजल्यास २, दुसऱ्यास ३ आणि माथ्यावर जाण्यास ५ फ्रँक असा दर होता; रविवारी तो निम्मा होई. उद्वाहक सुरू होण्याआधीच हजारो लोक पायऱ्यांनी वर गेले, आणि प्रदर्शनकाळात सुमारे १९ लाखांनी मनोऱ्यास भेट दिली. नगरदृश्य येथे हक्काने नव्हे, तिकिटाने मिळाले, हे विसरून चालणार नाही. तरी ते मिळाले. फेब्रुवारी १८८७ मध्ये निषेधपत्रावर सह्या करणाऱ्या कलावंतांना मनोरा शहरावर लादलेला वाटला होता. त्यांपैकी मोपासाँ पुढे मनोऱ्यातच भोजनास जात, कारण तेवढ्याच ठिकाणाहून तो दिसत नसे, ही आख्यायिका खरी असो वा नसो, तीत नेमका हाच मुद्दा आहे : मनोरा पाहण्याची नव्हे, तर पाहण्यासाठी उभे राहण्याची जागा होती.

कराराची मुदत संपताना मनोरा पाडला जाण्याची शक्यता होती. हवामानाची निरीक्षणे आणि विशेषतः बिनतारी संदेशवहन यांमुळे लष्करास त्याची उपयुक्तता पटली व १९१० पासून ७० वर्षांची नवी मुदत मिळाली. म्हणजे पॅरिसमध्ये लष्कराने मनोरा राखला आणि लोकांचे वर जाणेही चालू राहिले. नागपुरात सीताबर्डीचा किल्ला स्वातंत्र्यानंतर भारतीय सैन्याकडे आला. सर्वसामान्यांसाठी तो २६ जानेवारी, १ मे व १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच उघडण्याची प्रथा पडली.