नकाशावरची रिकामी जागा

लहानपणी सुट्टीत आजीबरोबर खुरपायला बसायचे तेव्हा माझा खरा शत्रू एकच, लव्हाळा. वरून उपटला तरी जमिनीत गाठी राहतात आणि चार दिवसांत पठ्ठ्या परत हजर. मी त्याला गवत म्हटलं की आजी चिडायची. "गवत परवडलं गं, हे गवत नव्हे."

आजीचं शास्त्र बरोबर होतं. लव्हाळ्याची दांडी बोटांत फिरवून बघा, तीन कडा लागतात. गवताची दांडी गोल असते. लव्हाळ्याचं कूळच वेगळं, सायपरेसी. जगभरात साधारण साडेपाच हजार जाती. या कुळाबद्दल वाचता वाचता मी थेट अॅमेझॉनच्या जंगलात पोचले, आणि तिथे जे सापडलं ते तुमच्या-माझ्या कामाचं आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

१८१७ ते १८२० या काळात मार्टियस आणि स्पिक्स हे दोन जर्मन अभ्यासक ब्राझीलमध्ये फिरले. अॅमेझॉनमध्ये रस्ते नव्हते, प्रवास होडीतून. म्हणजे झाडंझुडपं गोळा झाली ती नदीकाठची आणि जिथे मुक्काम पडला तिथली. पुढे मार्टियसने 'फ्लोरा ब्राझिलिएन्सिस' हा महाग्रंथ सुरू केला. १८४० ला सुरू झालेलं ते काम संपलं १९०६ साली! त्यातला लव्हाळ्याच्या कुळाचा भाग १८४२ मध्ये लिहिला नीस फॉन एझेनबेक यांनी, जर्मनीत बसून, वाळवलेले नमुने बघून. गंमत म्हणजे मद्रासच्या रॉबर्ट वाइट यांनी जमवलेल्या भारतीय लव्हाळ्यांवरही १८३४ मध्ये याच गृहस्थांनी लिहिलं होतं. दोन खंडांतल्या लव्हाळ्यांचा हिशेब एकाच टेबलावर! माणूस मोठाच. पण टेबलावर जे आलं नाही, ते त्यांना दिसणार कसं?

बरं, नंतर तरी ही उणीव भरून निघावी ना? तर नाही. या वनस्पतींना डोळ्यांत भरणारं फूल नाही. जात ओळखायची तर टाचणीच्या डोक्याएवढं फळ भिंगाखाली धरावं लागतं. त्यात घनदाट जंगलातला लव्हाळा लव्हाळ्यासारखा दिसतही नाही. 'मापानिया' नावाची प्रजाती आहे, ऑब्ले यांनी १७७५ मध्ये फ्रेंच गयानातून नोंदवलेली. अंधाऱ्या जंगलात तळाशी वाढते, पानं चांगली रुंद. आणि आज जंगलाची मोजणी होते ती बहुतेक ठिकाणी छातीच्या उंचीवर १० सेंटिमीटर किंवा त्याहून जाड खोड असलेल्या झाडांची. लव्हाळा त्या मोजणीत येणारच नाही. गैरहजेरी लावायलाही आधी हजेरीपटात नाव लागतं!

आता खरी गोष्ट. १९७० च्या दशकात अॅमेझॉनमध्ये अमुक भाग वनस्पतींनी विशेष समृद्ध आहेत, असे नकाशे मांडले गेले. जंगल कुठे राखायचं याची चर्चाही त्यावर होऊ लागली. १९९० मध्ये ब्रूस नेल्सन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर' मध्ये दाखवून दिलं की ती 'समृद्ध केंद्रं' आणि जिथे नमुने जास्त गोळा झाले त्या जागा मोठ्या प्रमाणात एकच आहेत. उदाहरणार्थ मनौस शहराचा परिसर. म्हणजे नकाशा वनस्पतींचा वाटत होता, पण उमटली होती माणसांची पावलं. मोठ्या झाडांची ही कथा, तर लव्हाळ्याचं काय विचारता?

हे आज का सांगतेय? कारण रिकामी जागा कागदावर निरुपद्रवी दिसते, पण निर्णयाच्या टेबलावर तिचा अर्थ होतो 'तिथे काही नाही'. आपल्याकडे अनेक प्रकल्पांच्या पर्यावरण अहवालासाठी पावसाळा सोडून एका हंगामाची पाहणी चालते. आता सांगा, सह्याद्रीच्या सड्यांवरचे कितीतरी लव्हाळे पावसात उगवतात, पावसाळ्याच्या शेवटी फळतात आणि मग वाळून जातात. उन्हाळ्यात पाहणीला गेलेल्या माणसाने प्रामाणिकपणे लिहिलं की काही आढळलं नाही, तर तो खोटं बोलत नाही. पण त्याचं वाक्य वाचून जो सड्यावर बुलडोझर पाठवतो, तो मात्र चुकतो.

म्हणून एवढंच. जनसुनावणीला जाल तेव्हा 'आढळले नाही' या शब्दांखाली रेघ मारा आणि तीन प्रश्न विचारा. कोण गेलं होतं? कुठल्या महिन्यात? आणि कुठल्या वाटेने?

माझी आजी शाळेत गेली नव्हती. पण बांधावर उभं राहून शेतात काय आहे ते सांगता येत नाही, खाली बसावं लागतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.