अर्ध्या पगाराची कुळकथा

अमेरिकेतल्या प्राध्यापकाला मोठी फेलोशिप मिळाली, की आनंदापाठोपाठ हिशेब येतो. तिथल्या नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज या संस्थेची फेलोशिप महिन्याला ५,००० डॉलर, म्हणजे वर्षाला फार तर ६०,००० डॉलर देत आली आहे. समजा, प्राध्यापकाचा पगार वर्षाला १,४०,००० डॉलर आहे आणि विद्यापीठाने वर्षभराची संशोधन रजा अर्ध्या पगारावर दिली. पगाराचे ७०,००० आणि फेलोशिपचे ६०,००० मिळून १,३०,००० होतात. उरलेली १०,००० ची तूट कुणी भरायची? ती आम्ही भरू, आरोग्यविमा आणि निवृत्तिनिधीची वर्गणीही चालू ठेवू, असं पुष्कळ विद्यापीठं लेखी नियमातच सांगतात. या अर्ध्या पगारी रजेचा उगम शोधत मागे गेलं, की आपण १८८० सालच्या हार्वर्डमध्ये आणि एका संस्कृतच्या अभ्यासकापाशी पोहोचतो.

चार्ल्स विल्यम एलियट १८६९ साली, वयाच्या ३५ व्या वर्षी हार्वर्डचे अध्यक्ष झाले. ते मूळचे रसायनशास्त्राचे अध्यापक. हवी असलेली प्राध्यापकी मिळाली नाही, तेव्हा १८६३ मध्ये हार्वर्ड सोडून ते युरोपात गेले आणि दोन वर्षं फ्रान्स-जर्मनीतल्या शिक्षणसंस्था बारकाईने पाहत हिंडले. खर्च घरच्या पैशातून. परतल्यावर त्यांनी शिक्षणसुधारणेवर जे लिहिलं आणि पुढे ४० वर्षं हार्वर्डमध्ये जे केलं, त्याची शिदोरी त्या दोन वर्षांतली होती. शिकवण्यातून मोकळं झाल्याशिवाय माणसाच्या अभ्यासाला नवं पाणी मिळत नाही आणि मोकळं व्हायला पैसा लागतो, या दोन्ही गोष्टी त्यांनी स्वतः अनुभवल्या होत्या. रजेच्या नियमामागे हा अनुभव असणार, असं मला वाटतं.

निमित्त मात्र चढाओढीचं झालं. १८७६ मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ सुरू झालं. जर्मन धर्तीवर संशोधनाला पहिलं स्थान देणाऱ्या या संस्थेने तरुण विद्वान जमवायला सुरुवात केली. त्यांत चार्ल्स रॉकवेल लॅनमन होते. येलमध्ये व्हिटनी यांच्या हाताखाली संस्कृत शिकलेले, मग जर्मनीत बर्लिनला वेबर आणि ट्युबिंगेनला रोट यांच्याकडे तयार झालेले. एलियटना ते हार्वर्डसाठी हवे होते. सबॅटिकलचा, म्हणजे या संशोधन रजेचा, इतिहास लिहिणारे सांगतात, की लॅनमन यांना ओढून आणण्याच्या खटपटीतूनच ही सवलत पुढे आली. १८८० मध्ये हार्वर्डने नियम केला: दर सातव्या वर्षी प्राध्यापकाला अर्ध्या पगारावर वर्षभराची रजा घेता येईल, कारण प्रकृती, विश्रांती, अभ्यास किंवा साहित्य-विज्ञानातलं स्वतंत्र काम. सातचा आकडा यहुदी धर्मशास्त्रातला. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवावी, असा तिथला दंडक आहे. लॅनमन १८८० मध्ये हार्वर्डला आले आणि १९२६ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले.

या नियमातला ‘अर्धा’ नीट पाहायला हवा, कारण पुढची सगळी गुंतागुंत त्याच्या पोटी आहे. प्राध्यापकाचा वाचलेला अर्धा पगार बदली शिकवणाऱ्याला देता येतो, म्हणजे संस्थेच्या तिजोरीवर फारसा भार पडत नाही. तोटा सगळा प्राध्यापकाचा. त्याने वर्षभर अर्ध्या पैशात घर चालवायचं, वर बोटीचं भाडं आणि परगावचं बिऱ्हाड सांभाळायचं. ज्याच्या घरी पूर्वजांनी काही ठेवलं होतं, त्याला हे जमत असे. बाकीच्यांसाठी पुढे दुसरा पर्याय रूढ झाला: एक सत्र पूर्ण पगारी, नाहीतर अख्खं वर्ष अर्ध्या पगारी. अमेरिकेत आजही रजेचं हे रूप सर्वाधिक दिसतं. पण हस्तलिखितं वाचायची असतील, नवी लिपी शिकायची असेल, दूरच्या दप्तरखान्यात बसायचं असेल, तर एका सत्रात जेमतेम बस्तान बसतं. नियम पसरायला वेळ लागला नाही. कॉर्नेलने १८८५ मध्ये, वेल्सलीने १८८६ मध्ये, कोलंबियाने १८९० मध्ये तो स्वीकारला.

ज्यांच्यासाठी दार उघडलं, ते लॅनमन १८८९ मध्ये पत्नीसह हिंदुस्थानात आले आणि त्यांनी हार्वर्डसाठी संस्कृत-प्राकृतची सुमारे ५०० हस्तलिखितं मिळवली. दोनच वर्षांनी ‘हार्वर्ड ओरिएंटल सीरीज’ सुरू झाली. तिच्यामागे लॅनमन यांचे शिष्य हेन्री क्लार्क वॉरन यांचा पैसा आणि ध्यास होता. लहानपणी मणक्याला झालेल्या दुखापतीने वॉरन आयुष्यभर अधू राहिले, पण घर सधन होतं. कुणाकडे रजा मागायची नव्हती. बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध करायला त्यांनी घेतली आणि १८९९ मध्ये ते वारले तेव्हा काम अर्धवट होतं.

ते पुरं करायला १९१० मध्ये हार्वर्डला गेले, ते गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी. त्याआधीची त्यांची व्यवस्था मला या सगळ्या कुळकथेत सर्वांत सुंदर वाटते. कलकत्त्याची अध्यापकी सोडून त्यांना महाराष्ट्रात पाली आणि बौद्ध विद्या रुजवायची होती. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना महिना ५० रुपये देऊ केले. अट एवढीच, की महाराष्ट्रात हवं तिथे राहावं आणि बडोदा संस्थानासाठी वर्षाला एक पुस्तक लिहावं. हजेरीपट नाही, तासिका नाहीत. रक्कम मोठी नव्हती, पण पोटापुरती होती, आणि ती देणाऱ्याला विद्वान माणसाला काय लागतं ते कळत होतं. हार्वर्डहून परतल्यावर कोसंबींनी फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली, पुन्हा अमेरिकेला गेले. ‘विसुद्धिमग्ग’च्या श्रेयावरून लॅनमन यांच्याशी त्यांचं बिनसलं. तो ग्रंथ हार्वर्ड मालेत १९५० मध्ये बाहेर आला, तेव्हा वॉरन, लॅनमन आणि कोसंबी या तिघांपैकी कुणीही हयात नव्हतं. अशा कामाला एक सत्र देणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावं. आपल्याकडचे श्रीपाद कृष्ण बेलवलकरही लॅनमन यांच्याच हाताखाली हार्वर्डचे पीएच.डी. झाले आणि भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’चं त्यांचं काम त्याच मालेत आलं.

पगाराचा उरलेला अर्धा भाग भरून निघण्याची सोय विसाव्या शतकात झाली, आणि ती विद्यापीठांबाहेरून आली. कोलोरॅडोचे माजी सिनेटर सायमन गुगेनहाइम आणि त्यांच्या पत्नी ओल्गा यांचा मुलगा जॉन सायमन १९२२ मध्ये कोवळ्या वयात गेला. त्याच्या नावाने १९२५ मध्ये त्यांनी प्रतिष्ठान काढलं. काम कुठे करायचं, कसं करायचं यावर शक्य तेवढी कमी बंधनं घालायची, असं धोरण ठरलं. पहिल्याच तुकडीत संगीतकार एरन कोपलंड होते. आता गणित जुळू लागलं: अर्धा पगार विद्यापीठाचा, बाकीची बाजू फेलोशिपची. पुढे पगार वाढत गेले, फेलोशिपच्या रकमा मागे पडल्या, आणि मधली तूट विद्यापीठाच्या दारी परत आली. ती भरताना विद्यापीठं अटी घालतात. फेलोशिप खुल्या स्पर्धेतून मिळालेली हवी, परतल्यावर निदान वर्षभर शिकवायला हवं. या अटी मला रास्त वाटतात.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत सातचा आकडा तसाच आला, पगार मात्र पूर्ण झाला. सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक म्हणून सात वर्षं पूर्ण केलेल्यांना एका वेळी एक वर्ष आणि सबंध नोकरीत दोन वर्षं सबॅटिकल मिळू शकते. पगार-भत्ते पूर्ण, वेतनवाढ वेळेवर, आणि परत रुजू झाल्यास तो काळ पेन्शनसाठी धरला जातो. या काळात फेलोशिप घेता येते. मात्र तशी घेतली तर पगार कमी करण्याचा अधिकार विद्यापीठाने आपल्या हाती ठेवला आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळातल्यांसाठी अध्ययन रजा वेगळी. तिला हमीपत्र लागतं, की परतल्यावर तीन वर्षं इथेच काम करीन. कागदावर ही तरतूद एलियट यांच्या नियमापेक्षा उदार आहे.

ती अडते दुसरीकडेच. रजेचा अर्ज विभागप्रमुखाच्या टेबलावर आला, की पहिला प्रश्न पर्यायी व्यवस्थेचा. तास कोण घेणार? पेपर कोण तपासणार? विभागात मंजूर पदंच रिकामी असतील, तर एक माणूस वर्षभर सोडायला प्रमुखाचं मन धजत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. फुलब्राइटसारख्या फेलोशिपला अर्ज करतानाच रजा मिळेल अशी संस्थेची संमती लागते, तेव्हा ही अडचण पहिल्याच पायरीवर आडवी येते.

आयोगाच्या फॅकल्टी इम्प्रूव्हमेंट प्रोग्रॅमने हे दुखणं बरोबर ओळखलं होतं. शिक्षक पीएच.डी.साठी पगारी रजेवर जाई आणि त्याच्या जागी येणाऱ्या बदली शिक्षकाचा पगार आयोग देई. ‘एफआयपीवर गेलेत’ हे वाक्य तालुक्याच्या कॉलेजांतल्या स्टाफरूममध्येही सहज ऐकू येत असे. गावच्या कॉलेजात बी.ए.च्या वर्गांवर आयुष्य घालवणाऱ्या कितीतरी जणांना त्याच काळात ग्रंथालयात सलग बसायला मिळालं. पंचवार्षिक योजना संपल्या, तशी ही वाटही आटली. आज अनेक वर्गांवर सीएचबीचे, म्हणजे तासिका तत्त्वावरचे शिक्षक उभे आहेत. त्यांना जेवढे तास घेतले तेवढेच पैसे मिळतात. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीतही मानधन नसतं, तिथे सातव्या वर्षाची रजा कुठून येणार? त्यांच्यात नेट झालेले आहेत, पीएच.डी. झालेले आहेत. बदली शिक्षकाच्या पगाराची ती जुनी तरतूद परत आणली आणि रिकामी पदं भरली, तर नियमपुस्तकातला पूर्ण पगार खऱ्या माणसांच्या हाती पडेल, आणि त्या माणसांत आजचे सीएचबीवालेही असतील.