गवताच्या चोरीचा कागद

दिवाळीत वहीला मोठा मान असतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी खामगावच्या कापसाच्या अडतीत किंवा चांदीच्या पेढीवर नवी वही पाटावर मांडतात, तिच्यावर कुंकवाने स्वस्तिक काढतात, अक्षता वाहतात. वर्षाचे देणेघेणे तिच्यात यायचे असते, म्हणून तिला लक्ष्मीचेच रूप मानायचे. त्याच बुलढाणा जिल्ह्यात आणखी एका जातीच्या वह्या गेली दीडशे वर्षे भरत आल्या आहेत. त्यांना हळदकुंकू कधी लागले नाही. आपले नाव त्यांत येऊ नये, एवढीच सर्वांची इच्छा. त्या वह्या पोलीस ठाण्यातल्या. कोणाला, कोणत्या दिवशी, कोणत्या कलमाखाली धरले, याची नोंद त्यांत होते.

पण काळाची करणी मोठी गमतीची. ज्या वहीत नाव चढले म्हणून एकेकाळी घरात चूल पेटली नसेल, त्याच वहीत आजोबांचे नाव सापडावे म्हणून पुढे त्याच घरची माणसे कचेऱ्यांचे उंबरठे झिजवू लागली. या उलट्या प्रवासाची ही हकीकत आहे.

तिची सुरुवात होते १९३० च्या पावसाळ्यात. त्या वर्षी गांधीजींनी दांडीला मीठ उचलले आणि देशभर मिठाचा कायदा मोडण्याची लाट उठली. वऱ्हाडाला समुद्र नाही. तरीही अकोला जिल्ह्यातल्या दहिहांड्याला खाऱ्या पाण्याच्या विहिरी होत्या. ते पाणी आटवून वऱ्हाडकरांनी मीठ केले. पण पाऊस सुरू झाल्यावर मीठ आटवणार कसे? तेव्हा लोकांच्या रोजच्या दुःखातूनच दुसरा कायदा पुढे आला. तो जंगलचा. १९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगलात परवान्यावाचून गुरे घालणे, लाकूड तोडणे, गवत कापणे हे गुन्हे ठरले होते. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची डोंगररांग. पायथ्याच्या शेतकऱ्याला गवत म्हणजे बैलाचा घास, आणि बैल म्हणजे निम्मे घर. मीठ हे प्रतीक होते, तर गवत ही रोजची गरज होती.

१० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदकडे गवत कापून वऱ्हाडातल्या जंगल सत्याग्रहाचा आरंभ केला. त्यांना अटक झाली आणि सहा महिन्यांची शिक्षा झाली. पुढे हे लोण वऱ्हाडभर गेले, आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसांनीही विळे उचलले.

आता खरी मौज कायद्याची. गवत कापणाऱ्यांवर वन कायद्याबरोबरच भारतीय दंड संहितेचे ३७९ वे कलमही लावीत. ते कलम चोरीचे. चोरीची व्याख्या त्याच्या आधीच्या ३७८ व्या कलमात आहे, आणि तिचे स्पष्टीकरण वाचण्यासारखे आहे. जमिनीला चिकटलेली वस्तू चोरता येत नाही. ती जमिनीपासून सुटी झाली की चोरीला पात्र होते! म्हणजे विळा फिरेपर्यंत गवत हे गवत होते. विळा फिरला आणि कापणारा चोर झाला. कोणत्या दिवशी, कोणत्या रानात, किती वाजता आपण चोरी करणार, हे सरकारला आधी कळवून, गळ्यात हार घालून, वाजतगाजत निघालेले असे चोर जगाच्या पाठीवर दुसरीकडे क्वचितच झाले असतील.

ठाण्याच्या वहीला मात्र हा विनोद कळत नव्हता. तिच्या रकान्यांत नाव, बापाचे नाव, जात, वय, गाव, कलम आणि तारीख एवढेच मावत असे. सत्याग्रहाला रकाना नव्हता. चोरीचा रकाना होता. बाजारात कोणाचा लोटा पळवणारा आणि स्वराज्यासाठी पेंढी कापणारा, दोघेही एका पानावर, एका कलमाखाली, एकाच शाईने बसले.

अटक झाल्यावर तो माणूस एका जागी राहत नसे, आणि त्याचा कागदही राहत नसे. समजा, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावचा तरुण धरला गेला. पहिली नोंद ठाण्याच्या रोजनाम्यात आणि गुन्ह्याच्या नोंदवहीत. मग खटला मॅजिस्ट्रेटपुढे, म्हणून निकालाची नोंद न्यायालयाच्या दप्तरात. मग तुरुंग. तेथे कैद्यांची नोंदवही निराळी. तुरुंगही जवळचाच असेल असे नाही. डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनी त्याच जुलैत यवतमाळजवळ जंगलचा कायदा मोडला आणि शिक्षा भोगली ती अकोल्याच्या तुरुंगात. वऱ्हाडातले राजबंदी अमरावती, नागपूर, जबलपूर असे कोठेही पाठवले जात. एका माणसाच्या सहा महिन्यांचे तुकडे तीन कचेऱ्यांत, कधी तीन जिल्ह्यांत विखुरलेले असत.

१९४२ च्या बंद्यांचे कागद तर आणखी अवघड. अनेकांना भारत संरक्षण नियमांखाली, खटला न चालवताच, स्थानबद्ध केले होते. खटला नाही म्हणजे न्यायालयाच्या दप्तरात कागदही नाही. त्यांचा माग काढायचा तर नागपूरच्या गृहखात्याच्या फायलींत किंवा तुरुंगाच्या वहीत.

त्यात भर पडली ती सीमा बदलल्याची. आजचा बुलढाणा जिल्हा म्हणजे १३ तालुके. इंग्रजी अमदानीत ते पाच होते: चिखली, मेहकर, मलकापूर, खामगाव आणि जळगाव. शेगावचा कागद खामगाव तालुक्यात, नांदुऱ्याचा मलकापुरात, लोणारचा मेहकरात आणि संग्रामपूरचा जळगावात शोधावा लागतो. त्यातही खामगाव आणि जळगाव हे तालुके १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते. तेव्हा त्याआधीचे काही हवे असेल तर बुलढाण्याच्या दप्तरखान्यात हेलपाटे घालून काय उपयोग? जिल्ह्याच्या प्रमुखाला तेव्हा कलेक्टर म्हणत नसत, डेप्युटी कमिशनर म्हणत. आणि इंग्रजी फायलींत जिल्ह्याचे नाव ‘Buldana’ असे, मधला ‘h’ गाळून, लिहिलेले सापडते. एवढ्या एका अक्षरापायी फाइल हाती लागत नाही.

राज्येही बदलली. १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. १९५० साली त्या प्रांताचे मध्य प्रदेश राज्य झाले आणि राजधानी नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. पण जबलपूरचा तुरुंग राहिला मध्य प्रदेशात. रायपूरचा तर २००० सालापासून छत्तीसगडात आहे. आजोबा गेले एकाच प्रांतातल्या तुरुंगात. नातवाला अर्ज करायचा तर तो परराज्यात!

हा अर्ज करण्याची निकड निर्माण झाली १९७२ साली. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षी, १५ ऑगस्ट १९७२ पासून, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन देण्याची योजना सुरू केली. आरंभी तिला वार्षिक ५,००० रुपये उत्पन्नाची मर्यादा होती. १९८० साली ती गेली आणि योजनेच्या नावात ‘सन्मान’ हा शब्द आला. सर्वसाधारण अट अशी की किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास घडलेला असावा. पुरावा काय? तुरुंगाचा किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्याचा दाखला, त्यात कलम आणि मुदत नमूद केलेली.

येथे त्या जुन्या वहीतल्या तारखांना एकाएकी मोल चढले. ५ मार्च १९३१ रोजी गांधी-आयर्विन करार झाला आणि अहिंसक सत्याग्रहाचे कैदी सुटले. ऑक्टोबर १९३० मध्ये वर्षाची शिक्षा झालेला माणूस पाच महिन्यांतच घरी आला. तेव्हा गावाने मिरवणूक काढली. चाळीस वर्षांनी तीच लवकरची सुटका त्याच्या आड येऊ लागली. शिक्षा झालेल्या खटल्यात निकालापूर्वीची कच्ची कैदही मोजली जाई. म्हणून निकालाची तारीख सापडून भागेना, अटकेची तारीखही हवी. ती असणार कोठे? ठाण्याच्या वहीत.

आणि ती वही पुष्कळदा नसे. सरकारी दप्तराचाही एक हिशेब असतो. महसूल कचेऱ्यांत कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडतात. ‘अ’ कायम ठेवायचे, ‘ब’ तीस वर्षे, ‘क’ दहा वर्षे आणि ‘ड’ एकच वर्ष. पोलीस व न्यायालये यांनाही आपापल्या मुदती आहेत. किरकोळ चोरीच्या खटल्याचे कागद कोण कायम ठेवणार? सत्याग्रह चोरी म्हणून नोंदला गेला, म्हणून तो चोरीच्याच मुदतीने रद्दीत गेला. परकीय सरकारने लावलेल्या कलमाने स्वकीयांच्या राज्यातही आपले काम चोख बजावले.

योजनेने यावर एक माणुसकीची वाट ठेवली होती. कागद उपलब्ध नसल्याचा दाखला मिळाला तर सोबतच्या कैद्यांची प्रमाणपत्रे चालत. म्हणजे ज्यांचा तुरुंगवास सिद्ध झाला आहे, अशांनी सांगायचे की होय, हा आमच्या बराकीत होता. कागद संपला तेथे स्मरण उभे राहिले. पण ज्यांचे सोबती आधीच गेले, त्यांचे काय? आणि ज्यांना खोटे सोबती जोडता आले, त्यांचे काय? शेजारच्या मराठवाड्यात, बीड जिल्ह्यात, बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण एवढे वाढले की २००५ साली ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. खऱ्याचा कागद वाळवीने खाल्ला, आणि खोट्याचा कागद नवाकोरा! या दोन्ही दुःखांचे मूळ एकच: वही वेळेवर जपली गेली नाही.

इतके होऊनही सगळे हरवलेले नाही, हे घरोघरच्या वाचकांना सांगितले पाहिजे. ज्यांना आपल्या वडीलधाऱ्यांचा माग काढायचा आहे त्यांनी आधी घरातली पत्रे, हारातुऱ्यांचे फोटो आणि मानपत्रे काढून गाव, वर्ष आणि शक्य तर महिना ठरवावा. मग राज्याच्या दर्शनिका विभागाने काढलेले स्वातंत्र्यसैनिकांचे चरित्रकोश आणि १९७६ चे बुलढाणा जिल्ह्याचे गॅझेटिअर पाहावे. तुरुंग अधीक्षक, जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा न्यायालय यांच्याकडे कोणती वही कोठवरची शिल्लक आहे ते लेखी विचारावे; २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली साध्या दहा रुपयांच्या अर्जाला तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. प्रांतिक सरकारच्या फायलींसाठी पुराभिलेख संचालनालयाचे नागपूर कार्यालय, आणि दिल्लीच्या गृहखात्याच्या राजकीय फायलींसाठी राष्ट्रीय अभिलेखागार. तेथील ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर कित्येक फायली घरबसल्या वाचता येतात. आणि शोधताना ‘सत्याग्रह’ या शब्दाबरोबर ‘चोरी’ हा शब्दही शोधावा. लाज वाटून तो टाळला तर आजोबा सापडायचे नाहीत.

या वह्यांना अलीकडे आणखी एक अनपेक्षित वाचक लाभला. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तो पुढे राज्यभर पसरला. त्यात महसुली व शाळेच्या दप्तरांबरोबर पोलिसांचे अटक पंचनामे, गुन्ह्यांच्या नोंदवह्या आणि तुरुंगांतल्या कैद्यांच्या वह्याही तपासायच्या ठरल्या. मोडी वाचणाऱ्यांना बऱ्याच दिवसांनी मागणी आली. ज्या रकान्यात फौजदाराने सवयीने जात लिहिली, तो रकाना शंभर वर्षांनी पणतवाच्या दाखल्याचा आधार ठरला. गुन्हा काय होता, सुटका झाली की शिक्षा, हे कोणी विचारले नाही.

म्हणून या वहीवर आंधळा विश्वासही ठेवू नये. ती लिहिणाऱ्याच्या डोळ्याने लिहिलेली आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर गुन्हा घडण्याची वाटही न पाहता, जन्मावरूनच माणसांची नावे नोंदवहीत चढवली. ते जू ३१ ऑगस्ट १९५२ रोजी उतरले. पण नोंदीचा डाग कायद्याहून चिवट असतो. अटक म्हणजे अपराध नव्हे, हे वही कधी सांगत नाही. ते वाचणाऱ्याने आपल्या मनात धरून वाचायचे असते.

आणि ही वही पाहायची कोणी? फार काळ उत्तर सोपे होते: सरकारने. सरकार प्रजेला पाही. प्रजेने सरकारचे पान उलटायचे नाही. १८ डिसेंबर १९९६ रोजी डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही दिशा फिरवली. अटकेचा मेमो जागच्या जागी करावा, त्यावर साक्षीदाराची सही असावी, नातलगाला कळवावे, आणि अटकेची खबर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे बारा तासांत जाऊन तेथील फलकावर लागावी, असे दंडक घातले. २००९ च्या दुरुस्तीने ही फलकाची तरतूद कायद्यात आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३७ व्या कलमाने प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्याच्या मुख्यालयात अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप ठळकपणे लावण्याचे बंधन घातले आहे.

त्या फलकाकडे आपण बहुधा कुतूहलाने पाहतो: कोणाचे नाव, कोणते गाव, काय केले असेल? वस्तुतः तो लावला आहे तो उत्सुकतेसाठी नव्हे. रात्री दारातून नेलेला माणूस कोठे आहे हे त्याच्या आईला दुसऱ्या दिवशी कळावे, आणि तो ठाण्यात नव्हताच असे कोणाला म्हणता येऊ नये, यासाठी तो आहे. १९३० साली बुलढाण्याच्या ठाण्यात लिहिलेली ती ओळ चोराची म्हणून लिहिली गेली होती. ती लिहिली गेली होती म्हणूनच तो चोर नव्हता हे आज दाखवता येते.