आर्मेरोचा नकाशा



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह यांचीच आठवण बहुधा होते. आज ज्या इतिहासाविषयी मी बोलणार आहे, त्याच्या केंद्रस्थानी एक नकाशा आहे. कोलंबियातील शासकीय भूगर्भशास्त्र संस्थेने नेवादो देल रुइस या ज्वालामुखीभोवतीच्या धोक्याचे पट्टे रेखाटून तो ७ ऑक्टोबर १९८५ रोजी सादर केला. आर्मेरो हे गाव चिखलाच्या लोंढ्याच्या वाटेवर आहे, असे त्यात स्पष्ट दाखविले होते. सदतीस दिवसांनी लोंढा त्याच वाटेने आला आणि सुमारे तेवीस हजार माणसे मृत्यू पावली. नकाशा अचूक होता, आणि तरीही माणसे वाचली नाहीत. असे का घडले, हा आजच्या विवेचनाचा प्रश्न आहे.

ज्वालामुखी म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे तप्त लाव्हा उभा राहतो. दख्खनचा काळा पाषाण लाव्हाचाच असल्यामुळे ही कल्पना आपल्याला जवळचीही वाटते. परंतु रुइसचे शिखर सुमारे ५,३०० मीटर उंच आणि हिमाच्छादित आहे. तेथे भय दोन प्रकारचे. पहिले राखेचे. राख वाऱ्यावर स्वार होते, म्हणून तिचा नकाशा काढताना वाऱ्याच्या दिशेचा विचार करावा लागतो. दुसरे चिखलाच्या लोंढ्याचे. त्याला जावा बेटावरील भाषेतून आलेला ‘लहार’ हा शब्द जगभर रूढ आहे. तप्त द्रव्याने बर्फ वितळते, त्या पाण्यात राख, माती आणि शिळा मिसळतात आणि ओल्या काँक्रीटसारखा हा प्रवाह नदीच्या पात्रातून धावतो. त्याचा नकाशा दऱ्याखोऱ्यांवरून ठरतो. दोन्ही धोक्यांसाठी भूशास्त्रज्ञ पुरावा शोधतो तो मात्र एकाच ठिकाणी, जुन्या थरांत. दरडींत दिसणाऱ्या थरांची जाडी मोजावी, त्यांत गाडल्या गेलेल्या जळक्या लाकडातील किरणोत्सारी कार्बनवरून काळ ठरवावा आणि पूर्वी जेथे चिखल पोहोचला तेथे तो पुन्हा पोहोचू शकेल, असे मानावे. म्हणजे हा नकाशा एका अर्थी इतिहासलेखनच होय.

रुइसच्या बाबतीत तर लेखी इतिहासही उपलब्ध होता. १५९५ आणि १८४५ या दोन्ही वर्षी याच पर्वतावरून विनाशक लोंढे उतरले होते. १८४५ च्या लोंढ्यात सुमारे एक हजार माणसे दगावली होती. त्या लोंढ्याने पसरलेल्या सुपीक मातीवरच पुढे आर्मेरो वसले आणि कापसाच्या पिकाने समृद्ध झाले. ज्या मातीने गावाला वैभव दिले, तीच माती त्याच्या संकटाची साक्ष होती. परंतु १४० वर्षांत पाच-सहा पिढ्या उलटतात आणि आठवण पुसट होते.

१३ नोव्हेंबर १९८५ च्या दुपारी ज्वालामुखीने राख उधळण्यास आरंभ केला. सायंकाळपर्यंत ती आर्मेरोत पडू लागली. घरात राहावे, शांत राहावे, असे लोकांना सांगण्यात आले. गाव सोडण्याची हालचाल सुरू झाली होती, पण राख थांबताच तीही थंडावली. रात्री नऊच्या सुमारास मुख्य उद्रेक झाला. बर्फ वितळून सुटलेला लोंढा लागुनिल्ला नदीच्या खोऱ्यातून सत्तरहून अधिक किलोमीटर अंतर कापीत, वाटेतील माती-दगड पोटात घेऊन फुगत, साडेअकराच्या सुमारास गावावर आदळला. उद्रेक आणि आघात यांच्यामध्ये दोन तासांहून अधिक वेळ होता. उंच जागा पायी गाठण्यास तेवढा अवधी पुरेसा होता.

राख थांबली म्हणजे संकट टळले, हा समज येथे घातक ठरला. राख आणि लहार यांचे मार्ग भिन्न असतात, हे नकाशा सांगत होता. पण तो वाचणार कोण? वृत्तपत्रांनी त्याच्या आवृत्त्या छापल्या, तरी वाचलेल्यांपैकी अनेकांनी त्याविषयी ऐकलेलेही नव्हते. काहींनी त्याला भयकारी ठरविले. चुकीचा इशारा देऊन गाव रिकामे करण्याचा खर्च आणि दोष कोणी घ्यावा, याचा निर्णय होत नव्हता. त्याच महिन्याच्या ६ तारखेला बोगोटातील न्यायप्रासादावर बंडखोरांनी कब्जा केल्याने शासनाचे चित्तही अन्यत्र गुंतले होते. पुढे बॅरी व्होइट या अभ्यासकाने या दुर्घटनेची सविस्तर चिकित्सा केली. तिचा निष्कर्ष असा की, ज्ञान किंवा साधने यांची उणीव हे मूळ कारण नव्हते. मानवी निर्णयांतील चुका आणि दिरंगाई यांनीच घात केला.

या अनुभवातून जगाने काही धडा घेतला काय? घेतला, असे फिलिपाइन्समधील पिनाटुबोचे उदाहरण सांगते. १९९१ च्या मे महिन्यात तेथे घाईने धोक्याचा नकाशा सिद्ध झाला. केवळ कागद देऊन शास्त्रज्ञ थांबले नाहीत. ज्वालामुखीचे संकट प्रत्यक्ष कसे दिसते, हे दाखविणारी चित्रफीत त्यांनी अधिकाऱ्यांना आणि नागरिकांना दाखविली. ती चित्रित करणारे मॉरिस आणि कात्या क्राफ्ट हे फ्रेंच दांपत्य त्याच वर्षी ३ जून रोजी जपानमधील उन्झेन ज्वालामुखीवर मृत्युमुखी पडले. १५ जूनला पिनाटुबोचा प्रचंड उद्रेक झाला, तोवर हजारो लोक दूर गेले होते. किमान पाच हजार जीव वाचले, असा अंदाज आहे. जी जीवितहानी झाली, तिच्यातील मोठा भाग वादळी पावसात भिजून जड झालेल्या राखेखाली छपरे कोसळल्यामुळे होता. एक भय ओळखले, तरी दुसरे दबा धरून असते, हेही यातून दिसले.

मित्रहो, ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आपण येथे जमतो, त्यांचे काम केवळ माहिती देण्याचे नव्हते. माहिती समजेपर्यंत आणि आचरणात उतरेपर्यंत ती पुन्हा पुन्हा सांगणे, हे ते काम होते. आर्मेरोच्या नकाशाला असा शिक्षक मिळाला नाही, पिनाटुबोच्या नकाशाला मिळाला. शास्त्रज्ञ नकाशावर रेषा काढतो, पण ती रेषा जोवर घराघरातील माणसाला आपल्या उंबरठ्यावरून गेलेली दिसत नाही, तोवर त्याचे काम अपुरेच राहते. ते पूर्ण करण्याची जबाबदारी शाळेची, वृत्तपत्राची, शासनाची आणि आपणा प्रत्येकाची आहे.