मेस्त्रींचे गाव : कोल्हापूरच्या उद्योगेतिहासाची प्रस्तावना

कोल्हापूरच्या परिसरात दगडी कोळसा सापडत नाही. लोखंड म्हणाल, तर सह्याद्रीच्या माथ्यावर धावड लोक जांभ्या दगडातून थोडेफार गाळीत असत. स्वस्त विलायती लोखंड येऊ लागले आणि त्यांच्या भट्ट्या विझल्या. तरीही आज शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या वसाहतींतल्या फौंड्र्यांमध्ये ओतलेले सुटे भाग देशभरातल्या मोटारी, ट्रॅक्टर आणि पंपांत बसतात. तुलनेला घेतले तर वेल्समधल्या मर्थिर टिडफिल या लोखंडाच्या गावाचे कोडे इतके अवघड नाही. तिथे कोळसा, लोहखनिज आणि चुनखडी एकमेकांच्या शेजारीच होती. 1759 मध्ये डाउलाइसचा लोखंडाचा कारखाना निघाला आणि पुढे गाव वाढत गेले. कोल्हापुरात कच्चा माल नव्हता, मग कसब आले कुठून? या अभ्यासाच्या उंबऱ्याशी आलेल्या वाचकाच्या हाती मी आधी हाच प्रश्न देतो.

नेहमीचे उत्तर राजाश्रयाचे आहे आणि ते खोटे नाही. 1891 मध्ये मिरजेहून रेल्वे आली, 1895 मध्ये शाहू महाराजांनी स्टेशनाजवळ शाहूपुरी वसवली, 1906 मध्ये कापडगिरणीचा पाया घातला, 1917 मध्ये जयसिंगपूर वसवले. हे टप्पे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतात. त्यांच्याइतकीच निर्णायक गोष्ट मात्र नदीत उभी आहे. कोल्हापुरी बंधारा म्हणजे पात्रात दगडी खांब उभारायचे आणि पावसाळा सरला की त्यांच्या खाचांत बरगे घालून पाणी अडवायचे. अडलेले पाणी नदीच्या पातळीवरच राहते, ते काठावरच्या उसाला आपोआप मिळत नाही. ते उपसावे लागते. उपसायला इंजिन आणि पंप लागतो, आणि ऐन उन्हाळ्यात इंजिन बंद पडले तर वाळणारा ऊस परदेशातून येणाऱ्या सुट्या भागाची वाट पाहत नाही. तो भाग इथेच कोणीतरी घडवला पाहिजे. गुऱ्हाळातल्या चरकाचेही तसेच. हंगाम सुरू असताना लाट मोडली, तर चुलवाण थंड पडते आणि तोडलेला ऊस फडात सुकतो.

ही गरज भागवणारा माणूस म्हणजे मेस्त्री. बहुधा पुस्तकी शिक्षण बेताचे. पण यंत्र उघडायचे, मोडलेला भाग हातात घेऊन न्याहाळायचा, त्याचा लाकडी पॅटर्न करायचा, वाळूत साचा धरायचा आणि ओतायचे, हे सारे त्याला येत असे. एक भाग जमला की दुसरा, आणि एके दिवशी सगळे इंजिनच. म्हादबा मेस्त्रींचे नाव कोल्हापुरात आजही आदराने घेतले जाते ते यासाठी. शिवाजी उद्यमनगर आणि वाय. पी. पोवारनगर या भागांत हीच विद्या रुजली. कोल्हापूरचा यंत्रउद्योग दुरुस्तीच्या पोटी जन्मला, असे माझे ठाम मत आहे.

याचा सर्वांत देखणा पुरावा कारखान्यात सापडत नाही, सिनेमात सापडतो. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नाटकांचे पडदे रंगवणारे चुलतभाऊ. चित्रपट काढायचा तर कॅमेरा हवा, म्हणून त्यांनी तो स्वतःच बनवायला घेतला. 1916 मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडले नाही, आणि दामल्यांसारख्या सहकाऱ्यांच्या साथीने कॅमेरा पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीला तानीबाई कागलकर या गायिकेने पैसा दिला आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. पुढे 1929 मध्ये प्रभात फिल्म कंपनी निघाली, तेव्हा दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम यांच्याबरोबर पाचवे भागीदार होते सीतारामपंत कुलकर्णी, पेशाने सराफ. चित्रपटाचे अभ्यासक या कंपन्यांच्या कलेविषयी पुष्कळ लिहितात, आणि ते हवेच. पण कॅमेऱ्याचे भाग कोणी घडवले, भांडवल पेढीतून आले की गाण्याच्या मैफलीतून, हे प्रश्न उद्योगेतिहासाचे आहेत. त्यांच्यासाठी या क्षेत्रात अजून भरपूर जागा मोकळी आहे.

चपलेच्या इतिहासात ती जागा जास्तच मोकळी आहे, आणि ते मला बोचते. बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेले चामडे, रापी, आरी, कापशी, वेणी, कान, अंगठा : एवढी समृद्ध परिभाषा असलेला हा धंदा. 2019 मध्ये महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून कोल्हापुरी चपलेचे भौगोलिक मानांकन मिळाले. गावाचे नाव जगभर गेले, करणाऱ्याचे नाव घराच्या उंबऱ्यातच राहिले. वेणी घालणाऱ्या बायकांची तर गणनाही क्वचित होते. धंदा कोणी करायचा आणि त्याच्याकडून माल कोणी घ्यायचा हे जातीने ठरवलेले होते, हे विसरून इथला बाजार समजणार नाही. म्हणून गंगाराम कांबळे यांचे हॉटेल मला गिरणीइतकेच महत्त्वाचे वाटते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून मार खाल्लेल्या या माणसाला शाहू महाराजांनी चहाचे दुकान काढायला लावले, आणि अस्पृश्याच्या हातचा चहा घ्यायला कोणी येईना तेव्हा ते स्वतः तिथे जाऊन चहा पिऊ लागले. राजा हे गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर बरोबरच्या लोकांनाही कप हातात घ्यावा लागला.

साधनांविषयी थोडे. मेजर ग्रॅहॅम यांचा 1854 चा अहवाल आणि 1886 चे कोल्हापूर गॅझेटियर यांच्यापासून वाचन सुरू करावे. पिके, पेठा, कारागीर यांची माहिती तिथे आहे, पण ती कारभाऱ्यांच्या नजरेतून. संस्थानचे दप्तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहे. मोडी शिकल्याशिवाय जुन्या कागदांचे बरेच काही हाती लागणार नाही, तेव्हा त्याला पर्याय शोधत बसू नये. चिकाटी धरली तर मोडी येते. याशिवायचे सारे खाजगी घरांत आहे : अडत्यांच्या कीर्द-खतावण्या, भागीदारीचे कागद, माळ्यावरचे लाकडी पॅटर्न. यातले किती उरले असेल? 1948 मध्ये इथला जयप्रभा हा चित्रपटांचा स्टुडिओ जळाला. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत कितीतरी घरे आणि दुकाने पाण्याखाली गेली. भिजलेली वही वाळवून ठेवायची असते हे सांगणारे तेव्हा कोणी शेजारी नव्हते.

म्हणून माणसांकडे लवकर जावे. शाहू महाराजांची ती कापडगिरणी, म्हणजे शाहू मिल, 2003 मध्ये बंद पडली; तिच्या भोंग्यावर घड्याळ लावणारे कामगार आता म्हातारे झाले आहेत. उद्यमनगरातल्या एखाद्या जुन्या शेडमध्ये, लेथ थांबण्याची वाट पाहून, मेस्त्रींना विचारावे : काका, तुम्ही काम कुणाच्या हाताखाली शिकला? ते एक नाव सांगतील. मग त्या माणसाचे गुरू कोण, आणि त्यांचे कोण, हे विचारीत जावे आणि प्रत्येक नावापुढे गाव, साल आणि पहिले दुरुस्त केलेले यंत्र लिहून घ्यावे.