सिलिकॉनवर ऑक्साइड स्फटिकाचा थर

बेळगावहून जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरताना जागोजागी दिसणारा तांबडा जांभा लोह व ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांनी समृद्ध असतो. ऑक्साइडे निसर्गात विपुल आहेत. दुर्मीळ असते ती त्यांच्या अणूंची निर्दोष मांडणी. प्रकाशीय संदेशवहनात उपयुक्त ठरलेली लिथियम नायोबेट व बेरियम टायटनेट ही संयुगेही ऑक्साइडेच होत. त्यांचा स्फटिकरूप पातळ थर सिलिकॉनवर बसविण्याचे प्रयत्न गेली काही दशके चालू आहेत.

विद्युत क्षेत्राच्या प्रमाणात पदार्थाचा अपवर्तनांक बदलतो, यास पॉकेल्स परिणाम म्हणतात. या गुणामुळे विद्युत संदेश प्रकाशावर आरूढ करता येतो. सिलिकॉनचा स्फटिक केंद्रसममित असल्याने त्यात हा परिणाम नाही. सिलिकॉनचे मॉड्युलेटर विद्युतभार आत-बाहेर हलवून काम भागवतात; त्यात काही प्रकाश शोषला जातो आणि वेगही मर्यादित राहतो. डेटा केंद्रांची विजेची भूक वाढत असताना हा अपव्यय दुर्लक्षिण्याजोगा नाही.

थर सिलिकॉनवरच वाढवणे हा एक मार्ग. सिलिकॉनचे जालकांतर ०.५४३ नॅनोमीटर, तर स्ट्रॉन्शियम टायटनेटचे ०.३९०५. हे गणित जुळणारे दिसत नाही. पण ऑक्साइडाचा स्फटिक ४५ अंशांत फिरवून बसवला की तफावत पावणेदोन टक्क्यांच्या आसपास येते. अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेतील मॅकी व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये असा थर सिलिकॉनवर वाढवून दाखवला. खरी कसोटी आरंभीच्या काही अणुथरांची असते: सिलिकॉनला ऑक्सिजन लागताच त्यावर अस्फटिक सिलिका साचते आणि खालची मांडणी झाकली जाते. स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या या पायावर बेरियम टायटनेट वाढवता येते. अशा थराचा पॉकेल्स गुणांक ९२३ पिकोमीटर प्रतिव्होल्ट भरल्याचे झुरिक येथील आयबीएम प्रयोगशाळा व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. लिथियम नायोबेटचा सर्वाधिक गुणांक सुमारे ३१ आहे.

लेसरच्या स्पंदांनी पदार्थाचे बाष्प करून त्याचा थर चढविण्याच्या पद्धतीत मराठी संशोधकांचेही योगदान आहे. पुणे विद्यापीठात व पुढे मेरीलँड विद्यापीठात काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ सतीशचंद्र ओगले यांनी संपादित केलेला ऑक्साइड इलेक्ट्रॉनिकीवरील ग्रंथ २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

लिथियम नायोबेटबाबत मात्र वाढवण्याऐवजी चिकटवण्याचा मार्ग रूढ झाला. अखंड स्फटिकात हीलियमचे आयन ठरावीक खोलीवर रुतवतात, तो सिलिका चढवलेल्या सिलिकॉनच्या चकतीवर दाबून बसवतात आणि तापवल्यावर मायक्रोमीटरहून पातळ पापुद्रा वेगळा होतो. येथेही तापमान जपावे लागते, कारण काही दिशांनी लिथियम नायोबेट सिलिकॉनच्या पाचपटींहून अधिक प्रसरण पावते आणि थर तडकू शकतो. हार्वर्डमधील मार्को लोंचार यांच्या गटाने २०१८ मध्ये लिथियम नायोबेटच्या अशा पातळ थरावरील मॉड्युलेटर, नेहमीच्या चिपांना पेलणाऱ्या व्होल्टेजवर, सेकंदाला २१० गिगाबिटपर्यंत चालवला.

बेरियम टायटनेटचा गुणांक मोठा असला, तरी त्याचा अखंड स्फटिक सुमारे १२० अंश सेल्सिअसला आपली विद्युत ध्रुवता गमावतो. लिथियम नायोबेट हजार अंशांपलीकडेही ती टिकवते.